बाळासोंचं टेबल

क्रांतीवहिनींनी आयुष्यात बारची पायरी चढली नव्हती, आणि आता चढल्या त्या भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. लक्ष्मीपुरीतल्या या जुन्या बारवर त्यांचा भारी राग, कारण बाळासो दर शनिवारी इथंच यायचे. संस्थानी काळातला बार. गावातले कवी-लेखक मधल्या गोल टेबलाभोवती जमायचे, त्यांचे फोटो अजून भिंतीवर होते. दूध संघात नोकरी करणारे बाळासोही कविता करायचे. घरी परतले की म्हणायचे, "आज लई कविता म्हटल्या. घसा बसलाय." मग जेवून गप झोपायचे. बायकोच्या वाट्याला कायम बसलेला घसाच.

नवऱ्याच्या त्या कविता ऐकलेलं एक तरी माणूस वहिनींना भेटायला हवं होतं. कळंब्याच्या घरात आता बोलायला टीव्हीच उरला होता.

म्हातारे वेटर गौसभाई बाळासोंचं नाव ऐकताच लगबगीनं पुढं आले. "बाळासोंच्या घरातनं व्हय? या की वैनी, बसा."

"त्या गोल टेबलावर कुठल्या खुर्चीत बसायचे ओ ते?"

गौसभाईंची पंचाईत झाली. गिऱ्हाइकांच्या बायकांना फोनवर थापा मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ही बाई समोर उभी होती. त्यांनी भिंतीकडेचं छोटं टेबल दाखवलं.

"तितं न्हाय वैनी, हितं बसायचे. एकटेच. मंडळींच्या कविता कान दिऊन ऐकायचे. एकदा मंडळींनीच आग्रह केला, तुमीबी म्हणा एखादी. बाळासो उठून उभं ऱ्हायले आणि म्हणाले, आज घसा बसलाय. परत कुणी इचारलं न्हाय."

"मग बोलायचे कुणासंगट?"

"कुणासंगटच न्हाय."

वहिनी त्या टेबलापाशी बसल्या. ज्या मैफलीवर त्या जन्मभर जळल्या, तिच्यात नवरा कधी नव्हताच. तो इथं एकटा आणि त्या तिकडं एकट्या. 'मला म्हणून दाखवा की एखादी,' एवढं आपणही कधी म्हटलं नाही, रुसून बसलो, हे आठवून त्यांचे डोळे भरून आले.

गौसभाईंनी सोडा आणि खारे शेंगदाणे आणून ठेवले. वहिनींनी हात लावला नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या,

"अवो, घरात एक माणूस हुतं की ऐकायला."