फरशी पाहिली

लातुरात हाडांचे डॉक्टर पुष्कळ झाले. पण पेशंटला दारातूनच परत पाठवण्याची जी हातोटी माझ्या थोरल्या साडूंना साधली होती, ती उभ्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला साधल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्या बरोबरीच्यांचे दवाखाने चार-चार मजली झाले, गुडघे बदलून देण्याच्या पाट्या चौकाचौकात लागल्या; साडूंच्या दवाखान्यावर मात्र शेवटपर्यंत पत्रे होते. लोह्याचे एक आजोबा लेकाच्या गाडीतून उतरले आणि "गुडघा बदलायचा हाय" म्हणाले. साडूंनी त्यांना गल्लीच्या टोकाशी जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. आजोबा गेले, चहा प्यायले, तिथल्या पारावर दोघांशी भांडून परत आले. "गुडघ्याला काय न्हाई झालं. सुनेवर रुसलाव तुमी. घरला जावा," हे निदान. आजोबा घरी न जाता पुढच्या चौकात गेले आणि गुडघा बदलून आले. ही गोष्ट सांगताना साडू हळहळायचे, पण ते जुन्या गुडघ्यासाठी. गेलेल्या पेशंटचं त्यांना सुतक नव्हतं. अशा माणसापायी माझ्या घरची एक सोयरीक तुटली. ती तुटली म्हणून माझी धाकटी बहीण सुमन आज दोन्ही हात वर करून केस बांधू शकते, हेही आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी नुसती थट्टाच करतोय असं वाटायचं.

साडू संशोधक होते. म्हणजे त्यांच्या खिशात शिंप्याचा टेप असायचा. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या पोरांचे गुडघे कशाने लवकर झिजतात, हा त्यांचा विषय. कॉलेजात मी खो-खो खेळायचो असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी मला, म्हणजे नवरदेवाला, धोतर वर घ्यायला लावून दोन्ही गुडघे मोजले. भटजी थांबले, बँडवाले थांबले, मुहूर्त काही थांबला नाही. पुढे लातुरात क्लासचं पीक आलं. पोरं हिमायतनगरपासून निलंग्यापर्यंतची येऊन खोल्या करून राहू लागली, मैदानं ओस पडली आणि संशोधनाला गुडघे मिळेनासे झाले. मी अशाच एका क्लासात रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे या नुकसानीला त्यांच्या लेखी मी एकटा जबाबदार होतो. "सर, तुमची पोरं अठरा वर्षांची आन् गुडघे साठीचे व्हून राहिले," असं ते मला माझ्याच विद्यार्थ्यांसमोर ऐकवत. त्यांनी मोठ्या कष्टाने लिहिलेला निबंध एका मासिकाने 'खेळाडूंची संख्या अपुरी' असा शेरा मारून परत केला. साडूंनी उलट टपाली कळवलं, "उरलेले खेळाडू क्लासला गेले आहेत."

त्यांचा खरा आजार वेगळाच होता. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट ते कागदावर लिहीत नसत. आता लातुरात तर कॉलेजात नाव आणि क्लासात पोरगं अशी रीत. हजेरी भरायची तर कावीळ, टायफॉईड, निदान पाय मुरगळल्याचा तरी दाखला लागतो, आणि इतर डॉक्टर तो हसतमुखाने देतात. मी एकदा आपला माणूस म्हणून एका विद्यार्थ्याला साडूंकडे धाडलं. दाखला आला: 'सदर विद्यार्थ्यास तपासले. त्यास काहीही झालेले नाही. तो माझ्या साडूंच्या क्लासला जातो.' खाली सही, शिक्का, तारीख. आमच्या क्लासच्या मालकांनी तो कागद माझ्यासमोर धरला, तेव्हा मी शिक्क्याचं कौतुक करून वेळ मारून नेली.

आणि न्हाण्या! आमच्या भागातल्या न्हाण्यांचा एक चमत्कार आहे. त्यांत पुरुष सहसा पडत नाही. पोरं पडत नाहीत, म्हातारेही बेताचेच पडतात. पडते ती घरची सून, आणि तीही अशी कसबी पडते की मनगट मोडतं, दंडावर बोटांचे वळ उमटतात आणि सोबत आलेली सासू तिच्याआधी उत्तर देते. बाकीचे डॉक्टर 'न्हाणीत घसरून पडली' लिहून मोकळे होत. साडू लिहीत, 'घसरून पडली असे सांगतात.' मग सासूला बाहेर बसवून त्या बाईला हळूच विचारत, "फरशी बघाया येऊ का?" तिने मान हलवली नाही तर विषय तिथेच संपे. हलवली, की हे पुढच्या एसटीने तिच्या गावाला. प्लास्टर घालणारे चाचा, ज्यांनी निम्म्या लातूरची हाडं बांधली होती, कपाळाला हात लावत. "डाक्टरसाब, दवाखाना चला रहें कि कचेरी?" साडूंचं उत्तर ठरलेलं, "दवाखानाच हाय, चाचा. म्हणून तर बघाया लागतंय."

सुमन अर्धापूरला दिलेली. केळीच्या बागा, दारात ट्रॅक्टर, माणसं बोलायला गोड. पहिल्या खेपेला तिचं मनगट मोडलं, दुसऱ्या खेपेला दंड. दुसऱ्या खेपेला साडूंनी तिलाही तेच विचारलं. तिने मान हलवली आणि हात गळ्यात बांधून सासूमागे अर्धापूरला परत गेली. मग मीच साडूंच्या हातापाया पडलो. सोयरे आहेत, चार माणसांत इज्जत आहे, क्लासात माझं नाव आहे, वगैरे सगळं बोललो. ते पिशवी भरत होते. "तुमी येऊ नका सर. तुमचे गुडघे नाजूक हायत," म्हणाले. मी गेलोच, पण त्यांना आवरायला.

एसटीत ते खिडकीबाहेर बघत आपणहून बोलले. भूकंपाच्या वेळी ते नवे डॉक्टर होते आणि तंबूत बसून मोडलेली हाडं बांधत होते. येईल त्याच्या कागदावर 'कारण: भूकंप' असं आधीच लिहून ठेवलेलं, कारण दुसरं काय असणार? एका बाईच्या हाताला पट्टी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "भूकंप पाटंला झाला जी. हात तर आदल्या सांजंचा मोडलाय. मोडणारा बाहीर हुबा हाय." मागे रांग होती. कागद लिहून झाला होता. साडूंनी तो बदलला नाही आणि ती बाई बाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाबरोबर गेली. "घरं पडली त्यात माझा हात नव्हता," ते म्हणाले, "पर त्यो कागद माझ्या हातचा हाय." नांदेडला गाडी थांबताच ते पिशवी उचलून अर्धापूरच्या एसटीकडे चालू लागले.

अर्धापुरात चहा आला, केळी आली. साडूंनी चहा घेतला आणि न्हाणी कुठंय विचारलं. पाहुण्याला घाई झाली असेल अशा समजुतीने मेहुण्यांनी, म्हणजे सुमनच्या नवऱ्याने, वाट दाखवली. साडूंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बादलीभर पाणी ओतलं आणि अनवाणी चालायला लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. दाराशी घर गोळा झालं. "साबण पडला व्हता जी," सासूबाई म्हणाल्या. साडूंनी साबण मागून घेतला, सगळ्या फरशीला चोळला आणि पुन्हा चालले. मग मला म्हणाले, "सर, आता तुमी." एका प्रतिष्ठित प्राध्यापकाने सोयऱ्यांच्या न्हाणीत पँट दुमडून दहा फेऱ्या मारल्या. टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने टोचून खरखरीत केलेली, दगडी फरशी होती. पाय काही सरकेना. मी मनातून देवाला विनवत होतो की एकदा तरी घसरू दे.

साडू बादली उपडी घालून तिच्यावर बसले, मांडीवर केसपेपर घेतला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "फरशी पाहिली. घसरत नाही." मग गळ्यात हात बांधलेल्या सुमनकडे बघून म्हणाले, "म्होरं काय लिहू, बाई? तू म्हणशील ते."

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "दादाला इचारा," ती म्हणाली. "दादाला म्या दिवाळीलाच सांगितलं व्हतं."

हो, सांगितलं होतं. ओवाळून झाल्यावर, ताट हातात असताना सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, जरा सांभाळून घे. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. दोन्ही पायांना साबण लागलेला, मेहुणे माझ्याकडे रोखून बघतायत, सासूबाई "काय इपरीत बोलून राहिली ही" म्हणतायत, आणि साडू पेन उघडं धरून वाट बघतायत. त्यांना घाई नव्हती. त्या दिवशी त्यांच्या मागे रांग नव्हती. "लिहा डॉक्टर," मी म्हणालो. "नवऱ्याने मारलं. दोन्ही खेपेला." सुमन म्हणाली, "तीन." साडूंनी तीन लिहिलं.

परतीच्या एसटीत सुमन आमच्या मध्ये बसली. तो कागद पुढे कोर्टात तिच्या बाजूने उभा राहिला, माझ्यापेक्षा बराच ताठ. आता ती लातुरात क्लासच्या मुलींसाठी मेस चालवते. एखादी मुलगी जेवताना गप्प दिसली, की वाढणं सोडून तिच्याशेजारी बसते.

साडूंचे स्वतःचे गुडघे मात्र गेले. ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर म्हणत, "आधी चहा पिऊन येतो." आणि एका सकाळी, सगळा जन्म ज्या वाक्यावर संशय घेतला ते त्यांच्याच बाबतीत खरं झालं. न्हाणीत घसरले, खुबा मोडला. बातमी कळताच आम्ही सगळे हॉस्पिटलात धावलो, सुमन तेवढी आली नाही. ती तासाभराने आली, निऱ्या खोचलेल्या, पाय ओले. खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "फरशी पाहिली डॉक्टर. लई घसरती. खरं बोलून राहिलाव तुमी." साडू इतके हसले की नर्स ओरडली. मग तिचा हात, तो मोडून जुळलेला हात, धरून बराच वेळ पडून राहिले.

ते घरी यायच्या आत सुमनने त्यांच्या न्हाणीतल्या गुळगुळीत टाइल्स काढून टाकी लावलेला दगड बसवून घेतला. ते मात्र हॉस्पिटलातून घरी आलेच नाहीत. अजूनही त्या घरी गेलो की मी हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीत जातो, चप्पल काढतो, तांब्याभर पाणी ओततो आणि एक फेरी मारतो. पाय घट्ट राहतो. मला त्यांची फार आठवण येते, आणि बाहेर येऊन कुणाला तरी सांगावंसं वाटतं की फरशी पाहिली, घसरत नाही.