आधी तोंड उघडा, मग बोनेट

गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी, हट्ट्याला आमच्या घरच्या अंगणात, एका जुन्या मोटारीचा सौदा होता. ठरलेली रक्कम पंचेचाळीस हजार. त्यातले पाच हजार इसार म्हणून आधीच आलेले, बाकीचे चाळीस गाडी चालू करून दाखवली की रोख. हजर तिघेच होतो. विकणारे माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. घेणारे वसमतचे बाबाराव, हळदीच्या आडतीवर काम करणारे. आणि कागद तपासायला मी, हिशेब लिहिण्याचं काम करणारा त्यांचा धाकटा भाऊ. चौथं माणूस असायला हवं होतं, कारण गाडी खरी तिचीच होती. आमच्या वहिनी, सुमनवहिनी, जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

बाबारावांनी बसून चावी फिरवली. काहीच झालं नाही. इंजिन फिरलं नाही, समोरचा लाल दिवासुद्धा लागला नाही. त्यांनी दोनदा, तीनदा फिरवून पाहिली आणि काच खाली करून म्हणाले, "बॅटरी मेली हिची. नवी टाकावी लागंल. पाच हजार कमी करा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

दादा ओट्यावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "करा कमी. पन आज घिऊन जा." त्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, एवढंच खरं. बाबाराव उतरून बोनेट उघडायला निघाले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थांबा. आधी विचारू द्या." हे माझं वाक्य नव्हतं. वहिनींचं होतं.

वहिनी नरसीकडच्या शेतकरी घरातल्या. माहेरी बैलांचा मोठा गोठा. बैलानं वैरण सोडली की त्यांचे वडील बैलाला हात लावायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला समोर उभं करून विचारायचे, काल कुणी चारलं, काय चारलं, पाणी कुठलं पाजलं. "जनावर बोलत न्हाई भावजी, पन त्याला काल काय केलं ते मानूस सांगतं की," असं त्या मला म्हणायच्या. दादांनी ही मोटार सेकंडहँड घेतली आणि गंमत म्हणून मोकळ्या वावरात वहिनींना चालवायला शिकवली, तेव्हा त्यांनी गोठ्यातली तीच रीत गाडीला लावली. गाडी बिघडली की पुरुषमंडळी आधी बोनेट वर करून वायरी ओढायला लागायची. वहिनी बाजूला उभ्या राहून म्हणायच्या, "आधी तोंड उघडा, मग बोनेट." आम्ही हसायचो. दादा तर चिडवायचे, "डाक्टरीणबाई आल्या, सरका!" एका दसऱ्यापर्यंत ही सगळी थट्टाच होती...

त्या दसऱ्याला मी बायको-मुलांसह हट्ट्यालाच होतो. दुपारी गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर दादा अंगणात खुर्चीवर बसले आणि उठेचनात. शर्ट घामानं ओला. डावा हात धरून म्हणाले, "छातीवर कोनी बसल्यावानी वाटून राहिलं." मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या गावाला गेली होती, यायला तास तरी लागणार होता. सण असल्यानं गावातल्या जीपा वसमतला गेलेल्या. घरात एकच वाहन होतं. आम्ही दादांना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं माझ्या बायकोच्या मांडीवर दिलं, आणि मी चावी फिरवली. इंजिन घरघर फिरत राहिलं, पण पेटेना.

शेजारचे चौघे धावत आले. एक म्हणाला, धक्का मारू. दुसरा म्हणाला, पेट्रोल न्हाई. पेट्रोल होतं, सकाळी वसमतहून येताना मीच भरून आणलं होतं आणि तसं मी ओरडून सांगितलंही. धक्का मारत गाडी वेशीपर्यंत नेली. दोनदा गिअर टाकून हिसके दिले, पेटली नाही. मागून दादांच्या श्वासाचा आवाज येत होता, तो मला इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठा वाटत होता. मी पुन्हा चावीकडे हात नेला तेव्हा वहिनींनी खिडकीतून माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. फिरवून फिरवून बॅटरी उतरंल, मंग कायीच ऱ्हानार न्हाई. फिरून राहिली ना ती? फिरती, पन पेटत न्हाई. म्हंजी बॅटरी बराबर हाय, पेट्रोल तुमी भरलं. मंग ठिणगीच जाऊन न्हाई राहिली." एवढं बोलून त्या मागच्या दाराशी गेल्या आणि आत वाकून, घामानं भिजलेल्या नवऱ्याला विचारलं, "अवो, खरं सांगा. दुपारी गाडीला काय केलं?"

दादांनी डोळे उघडले. "धुतली..."

"वरून का आतून?"

शेजारी अवघडले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, ही येळ हाय का?"

"हीच येळ हाय. अवो, बोनेट उघडून धुतली का?"

"आयुधाची पूजा... इंजिनालाच नगं का..." दादा कसेबसे म्हणाले. "पाईपनं धुतलं. हळदकुंकू लावलं..."

"लई चांगलं केलं," वहिनी म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. मग त्यांनी बोनेट उघडायला सांगितलं.

इंजिनाच्या बाजूला वाटीएवढं काळं टोपण असतं, त्यातून जाड वायरी निघतात. ठिणगी तिथून वाटली जाते. दादांनी भक्तिभावानं त्यावरच ओल्या हळदीची बोटं ओढली होती. वहिनींनी दोन्हीकडच्या पट्ट्या सोडून टोपण काढलं आणि उलटं केलं. आत पाणी चमकत होतं. मी फडकं शोधायला वळलो, तोवर त्यांनी अंगावरच्या कोऱ्या साडीचा पदर आत घालून टोपण पुसायला सुरुवात केली होती. पुसलं, फुंकर मारली, पुन्हा कोरड्या भागानं पुसलं. घाई नव्हती, थांबणंही नव्हतं. टोपण बसवलं, वायरी एकेक दाबल्या आणि मला म्हणाल्या, "सरका तिकडं."

त्यांनी चोक ओढून चावी फिरवली. गाडी खोकली, गचके दिले आणि पेटली. वसमतपर्यंत त्यांनीच चालवली. त्याआधी वावराबाहेर त्यांनी गाडी नेलेली नव्हती. रस्ताभर एकच वाक्य बोलल्या, तेही आरशात बघून: "जागे ऱ्हावा वो. झोपू नगा." डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेत आणलं. दादांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल, तर "हार काढला का गं गाडीचा?" वहिनी म्हणाल्या, "पुढल्या वर्षी तुमाला घालते, मशीनला नगं." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही हसलो.

त्यानंतर डॉक्टरांनी दादांना गाडी चालवायला मनाई केली आणि मोटार वहिनींची झाली. साडीवरचा काळा-पिवळा डाग काही निघाला नाही. त्यांनी तेवढा पदर कापून घेतला आणि तो तुकडा गाडीतल्या कप्प्यात ठेवला. पुढं दर दसऱ्याला पूजेच्या आधी तो काळ्या टोपणावर बांधला जायचा आणि दादा वरून नमस्कार करायचे, हातात पाईप न घेता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लेकीच्या बाळंतपणाला वहिनी पुण्याला तीन महिने राहिल्या, तेव्हा जाताना त्यांनी बॅटरीची वायर सोडून ठेवली होती. दादा रुसले होते. "काहून काढलीस? म्या काय चोरून चालवनार हाय?" वहिनी म्हणाल्या, "उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. दोन-चार दिवसाचं असतं तर हात लावला नसता. लई दिवस जाऊन राहिले म्हनून काढली."

त्यांना शेवटचं नांदेडला नेलं ते मीच, भाड्याच्या जीपनं. पोटाच्या तपासण्या होत्या. सकाळी मी पोचलो तर वहिनी छपराखालून, गाडीच्या बाजूनं, हात पुसत येत होत्या. दादांना म्हणाल्या, "दोन दिसात येते. पीठ डब्यात हाय, गोळ्या फळीवर." दादा म्हणाले, "जा सावकाश." इतकंच... दोन दिवसांच्या तपासण्यांचं ऑपरेशन झालं, आणि ऑपरेशननंतर जे झालं ते झालं. आजार किती वाढलाय हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. त्यांना आधीच कळलं होतं का, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. दादा मात्र सगळ्यांना एकच सांगत राहिले, "तिला बिचारीला कायी ठावं नव्हतं. हसत गेली." त्या एका वाक्यावर ते पाच आठवडे उभे होते.

तर त्या सकाळी मी बाबारावांना थांबवून दादांना विचारलं, "शेवटी गाडीला हात कुणी लावला?"

"तिनंच. आनखी कोन लावनार?"

"त्यानंतर कुणीच नाही?"

"न्हाई म्हनलं ना."

मग मला छपराखालून हात पुसत येणाऱ्या वहिनी दिसल्या. दसऱ्याला गाडी फिरत होती, पेटत नव्हती. आज ती फिरतही नव्हती, दिवाही लागत नव्हता. म्हणजे काय ते बोनेट न उघडताच मला समजलं होतं. मी बाबारावांना मागं राहायला सांगितलं आणि बोनेट जेमतेम वीतभर उचलून आत पाहिलं. बॅटरीची वायर सोडून बाजूला वळवलेली होती. तिच्या टोकाला तो पदराचा तुकडा गुंडाळला होता आणि नट हरवू नये म्हणून त्याच्याच कोपऱ्यात गाठ मारून ठेवला होता.

"काय निघालं?" दादांनी ओट्यावरून विचारलं.

"काही नाही. वायर ढिली झालीय. बसा तुम्ही." हिशेबात मी कधी खोटा आकडा लिहिलेला नाही, पण त्या क्षणी मला फक्त ती गाठ लवकर सोडायची होती. गाठ घट्ट बसली होती. बोटं घामानं सरकत होती. मागं चपलांचा आवाज आला आणि बोनेट एका हातानं पूर्ण वर गेलं.

दादा बराच वेळ बघत राहिले. कापड ओळखायला त्यांना वेळ लागला नव्हता, वेळ दुसऱ्याच गोष्टीला लागत होता.

"पुन्याला गेली तवा काढली व्हती," ते म्हणाले. "दोन दिसासाठी कोन वायर काढतं?"

छपरावर पारवे घुमत होते.

"म्हंजी ठावं व्हतं तिला..." दादा म्हणाले. मग त्यांनी कापड काढून घेऊन स्वतः ती गाठ दातानं सोडली, नट माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "लाव. तिनं जपली बॅटरी, ती काय वाया घालवायसाठी न्हाई."

मी वायर बसवली, चोक ओढला, चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि पेटली. अंगणात तो ओळखीचा आवाज भरला. दादा बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. इंजिन गरम होऊन सुरळीत चालेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

बाबाराव म्हणाले, "बॅटरी जित्ती हाय, दादा. म्या चुकीचं बोललो. पैसे पुरे घ्या." इंजिन चाचपून बघताना त्यांच्या हाताला ग्रीस लागलं होतं. पुसायला त्यांनी दादांच्या हातातल्या कापडाकडे हात केला, तशी दादांनी मूठ मागं घेतली.

"हे न्हाई भेटनार. बैल इकला तरी दावं कोन देतं का, बाबाराव?"

बाबारावांनी हात धोतराला पुसले आणि पैसे मोजले. इसाराचे पाच आणि रोख चाळीस, असे पंचेचाळीस हजार दादांना पोचले. दावं घरी राहिलं.