शुक्रवारी पाहिलेलं हॉटेल

परवा फोनवर तुमच्या आईने विचारलं, या खेपेला सगळे आलो तर तुमच्या घरात मावणार कसे, जवळपास एखादं चांगलं हॉटेल आहे का? आता आहेत. लिफ्ट असलेली, चोवीस तास गरम पाणी देणारी. पण हॉटेल म्हटलं की मला उल्हासनगरचं ते एकच आठवतं. त्याची हकिकत तुम्हा मुलांना कुणी सांगितली असण्याची शक्यता नाही, म्हणून लिहिते.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायची, भिलाईला नोकरीला होता. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून मला तेवढाच उरला होता, आणि तोही एका रात्रीच्या प्रवासाच्या पलीकडे. उन्हाळ्यात कधी तो यायचा, कधी मी जायची. लग्नकार्य असलं तर मधे एकदा. अशी आमची सगळी मधली वर्षं गेली. नव्वद सालानंतर केव्हातरी त्याची निवृत्ती जवळ आली. कंपनीचं घर सोडायचं, मग राहायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. एक पर्याय पुण्याचा होता. वहिनींची मोठी बहीण तिथे राहायची. दुसरा आमच्याकडचा.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बदलापूरला नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांतली एक जागा मी हेरून ठेवली होती. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरातून मागच्या आंब्यांच्या झाडांचा गारवा, आणि पलीकडे थोडं चाललं की नदी. आमच्यापासून रिक्षाने जाता येण्यासारखं अंतर. मनातल्या मनात मी त्या घरात पडदेसुद्धा लावले होते. संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन मी त्याच्याकडे जाते आहे, असं मला स्पष्ट दिसायचं.

दादा तयार होता. वहिनींनी कळवलं, "मी आधी बघेन, मग सांगेन." त्यात गैर काही नव्हतं. घरात दिवसभर त्यांनाच राहायचं होतं.

अडचण वेगळीच निघाली. वहिनींचे दोन्ही गुडघे गेले होते. आमच्या घरी देशी पद्धतीचा संडास, आणि तिथपर्यंत यायला दोन मजल्यांचे जिने. त्यांना ते जमणारच नव्हतं. तेव्हा आमच्या भागातल्या बहुतेक इमारतींत तशीच सोय असायची आणि दुसऱ्याच्या घरी कसली सोय आहे हे विचारण्याची रीत नव्हती. म्हणून मी ठरवलं, त्यांना दोन-तीन दिवस चांगल्या हॉटेलात ठेवायचं. दादा फोनवर चिडला. "बहिणीच्या गावात येऊन हॉटेलात उतरू? लोक मला हसतील."

"लोकांना गुडघे नाहीत का?" मी म्हटलं. मग तो कबूल झाला.

अंबरनाथला तेव्हा लॉज होते, पण खाली बार आणि वर खोल्या असे. शोधता शोधता उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात (फाळणीनंतरच्या छावण्यांवरून तिथल्या वस्त्यांना कॅम्पच म्हणतात) एक नवं हॉटेल कळलं. सिंधी लोकांच्या लग्नांचे पाहुणे तिथे उतरतात, असं तुमचे आजोबा ऐकून आले. आम्ही दोघं ते पाहायला गेलो शुक्रवारी.

शुक्रवारी का, हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. विजेचा ताण सगळ्या जिल्ह्यावर एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिलेले होते, आणि आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. आजोबा कारखान्यात अधिकारी, त्यामुळे घराचं सगळं वेळापत्रक त्यावर चालायचं. बँकेची कामं, पाहुण्यांकडे जाणं, केसांना तेल, मटण, सगळं शुक्रवारी. रविवारी आजोबा डबा घेऊन कामावर. शुक्रवार ही आमच्या दृष्टीने जगाचीच सुट्टी होती, इतकी ती अंगवळणी पडली होती.

मी शाळेत नन्सच्या हाताखाली शिकलेली. पाहणी करायची तर ती नीट करायची. पहिल्या मजल्यावरची खोली बघितली. पलंगावर बसून गादी बघितली. चादर उलटून बघितली. कमोडची साखळी ओढली, पाणी धो-धो आलं. खिडकी उघडली. मागे एक अरुंद गल्ली होती, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी, सगळ्यांची शटरं खाली. एका शटरपाशी मांजर झोपलं होतं. गोदामं असतील, असं मला वाटलं.

"एकदम फॅमिली होटल है मॅडम," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले. "इधर शांती ही शांती."

ते खोटं बोलत नव्हते. त्या घटकेला शांती होतीच.

दादा-वहिनी पुढच्याच शनिवारी आले. आजोबा कामावर, म्हणून मी एकटीच कल्याणला उतरवून घ्यायला गेले. रिक्षातून येताना दादा दोन्हीकडे बघत होता आणि एकसारखं बोलत होता. हे काय, ते काय, हे केवढं वाढलं. वहिनी मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या.

हॉटेलच्या दारातच मला काहीतरी बिनसलं असल्याचं जाणवलं. जमिनीतून येतो तसा एक घरघराट येत होता. खोलीत गेलो तर पलंगाजवळच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. मी खिडकीपाशी गेले. गल्लीतली सगळी शटरं वर होती. आत ओळीने शिलाईची यंत्रं, त्यांवर जीन्सच्या पँटींचे ढीग, एका शेडमध्ये पितळी बटणं ठोकायचं काम, एकात विजेचा जनरेटर. शेवटच्या शेडमध्ये कापड धुऊन त्याचा रंग उतरवत होते. तिथून निघालेलं निळं पाणी गटारातून वाहत होतं आणि त्याचा वास नाकातून थेट डोळ्यांत जात होता. मी खिडकी लावायला गेले. ती पुरती लागत नव्हती.

"भिलाईला कारखान्याचा भोंगा वाजतो तो दिवसातून ठरल्या वेळी," दादा म्हणाला. "इथे अखंड सप्ताह दिसतोय."

मला हसू आलं नाही. मी कमोडची साखळी ओढून बघितली. ती हातात आली, पाणी आलं नाही.

खाली जाऊन मी त्या गृहस्थांना विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. "पानी पाँच बजे आएगा, मॅडम. शनिवार को धुलाईवालों का काम जास्ती रहता है, तो टंकी खाली हो जाती है."

"आणि हा आवाज?"

"ये तो रोज का है. आप कब आए थे देखने?"

"शुक्रवारी."

"अरे मॅडम!" ते इतके मनापासून हसले की त्यांच्यावर रागावताही येईना. "शुक्रवार को तो पूरा मार्केट सोता है. मैं भी सोता हूँ." मग मागून आलेल्या दादाकडे बघून म्हणाले, "बैठो साईं, चाय पियो. रात को आठ बजे सब मशीन बंद."

बादलीभर पाणी वर पाठवायचं त्यांनी कबूल केलं आणि पाठवलंही. पंखा चांगला होता. चादरी स्वच्छ होत्या. चहा अति गोड पण गरम होता. हॉटेल लबाड होतं असं मला म्हणता येणार नाही. ते फक्त जिथे होतं तिथे होतं.

वहिनींनी तक्रार केली असती तर बरं झालं असतं. त्या पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "बरं आहे हो वन्सं. पंखा छान आहे." मला त्या शब्दांनी धडकी भरली. बदलापूरचं घर माझ्या हातातून निसटत होतं आणि बटणं ठोकल्याचा आवाज चालू होता. मी म्हटलं, आपण घरीच जाऊ, काहीतरी करू. त्या म्हणाल्या, "उद्या जागा बघायची आहे ना? मग कशाला धावपळ?" मी संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन परत गेले. वहिनींनी कपाळाला बाम चोळलेला होता. डबा उघडताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "कोथिंबीर ताजी मिळते वाटतं तुमच्याकडे."

रविवारी सकाळी रिक्षा ठरवून आम्ही तिघं बदलापूरला गेलो. हवा छान होती. मी शिकवल्यासारखी ती झाडंही हलत होती. बिल्डरचा माणूस सफारी सूट घालून उभा होता. त्याने आम्हाला खोल्या दाखवल्या. वहिनी भिंतीला हात लावत हळूहळू सगळीकडे फिरल्या आणि मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पाणी कधी येतं?"

"भरपूर आहे, बाई."

"भरपूर नाही विचारलं. कधी येतं?"

तो टाकीकडे बोट दाखवू लागला.

"आणि ही मागची मोकळी जागा कुणाची?"

"तिथे गार्डन होणार आहे."

"कागदावर?"

दादा मोठ्याने हसला आणि त्या माणसाबरोबर टाकी बघायला गेला. त्याचं मन भरलं होतं, हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. आम्ही दोघी मागे राहिलो. रंगाऱ्याचा एक बाक होता, त्यावर मी वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही बसलो. मी म्हटलं, "वहिनी, त्या हॉटेलवरून या गावांची परीक्षा करू नका. मी भलत्या वारी बघून आले. तो भाग निराळा आणि हा निराळा."

"माहिताय मला," त्या म्हणाल्या. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"ही जागा तुम्हाला आवडलीय, की दादा जवळ हवेत म्हणून आवडलीय?"

मी म्हटलं, "दोन्ही." मग ते अर्धवट वाटलं, म्हणून म्हटलं, "दादा हवा म्हणून."

त्यांनी मान हलवली. "पुण्याची जागा मी पाहून आलेय. हिच्यापेक्षा वाईट आहे. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. पण ताई समोरच्या इमारतीत आहे. मी लग्न होऊन भिलाईला गेले तेव्हापासून तिला वर्षातून एकदा बघतेय. तुमच्यासारखंच."

मी बाकावरचं वर्तमानपत्र सारखं करत राहिले.

"तुमचे दादा ठरवायचं माझ्यावर टाकून मोकळे झालेत," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तसं, म्हणतात. म्हणजे नाही म्हणायचं मीच. काल त्या खोलीत बसल्या बसल्या मला वाटलं, बरं झालं, सबब मिळाली. हॉटेल असं, मग गाव कसं असेल, म्हटलं की सुटले. कुणाला वाईट वाटायला नको. पण मग तुम्ही जन्मभर त्या हॉटेलला आणि स्वतःला बोल लावत बसला असता. ते मला बरं वाटेना."

मी घरून पुष्कळ मुद्दे तयार करून आणले होते. हवा, किमती, दवाखाना, आजोबांच्या ओळखी. त्यांतला एकही या बोलण्यासमोर ठेवण्यासारखा नव्हता. मला भाऊ हवा होता आणि त्यांना बहीण. दोघींपैकी एकीलाच मिळणार होतं, आणि ती मी नव्हते.

"दादाला तुम्ही सांगाल की मी?" मी विचारलं.

"मीच सांगेन. पण तुम्ही तोंड पाडू नका, नाहीतर ते पुन्हा हो म्हणतील."

दादा परत आला तेव्हा मी तोंड पाडलं नाही. दोघांना म्हटलं, "सामान काढा त्या हॉटेलातून. गाडी परवा आहे, तोवर घरी राहा."

"आणि जिने?" दादाने विचारलं.

"बसत बसत चढेन," वहिनी म्हणाल्या. "पण वन्सं, ते दुसरं?"

दुसऱ्याची सोय मला माहीत नव्हती. ती त्या दुपारी आपोआप कळली. वहिनी पहिल्या पायरीवर टेकल्या होत्या, तेवढ्यात तळमजल्यावरची पोस्टात नोकरी करणारी बाई दार उघडून बाहेर आली. काय झालं विचारलं. मी अडखळत सांगितलं. ती म्हणाली, "काय काकू तुम्ही! आमच्या आईला लकवा झाला तेव्हाच बसवून घेतलाय आम्ही कमोड. पाहुण्यांना हॉटेलात पाठवण्याआधी एक शब्द विचारायचा की." मग वहिनींना म्हणाली, "तुम्ही खालीच राहा, आमच्याकडे. वर फक्त जेवायला जा." तिच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या दिवाणावर वहिनी दोन रात्री झोपल्या, आणि तिच्या आईशी त्यांची चांगली गट्टी जमली. दादा वर आमच्याकडे राहिला. आमच्या घरात तो मुक्कामाला राहिला तो शेवटचाच.

पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. मी जाऊन यायची. वहिनींची ताई खरोखरच समोरच्या गॅलरीतून हाक मारायची, आणि वहिनी गुडघे धरत धरत उठून तिला उत्तर द्यायच्या. त्यांना तिथे बघितल्यावर माझ्या मनात राग उरणं शक्य नव्हतं. मात्र वाईट वाटणं गेलं नाही, आणि ते गेलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

दादा एका पहाटे अचानक, तासाभराच्या दुखण्यात गेला. मला फोन आला आणि मी निघाले, तरी पुण्याला पोचेपर्यंत दुपार झाली. माणसं माझ्यासाठी थांबली होती. वहिनी दारातच होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वन्सं, त्याने पहाटे तुमचं नाव घेतलं." एरवी त्या दादाला कधी एकेरी म्हणायच्या नाहीत. बदलापूर असतं तर मी वेळेत पोचले असते, हे आम्हा दोघींनाही त्या क्षणी कळत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "चला, आत चला," आणि आम्ही दोघी आत गेलो.