गाय बसत का नव्हती

लग्न होऊन शहरातल्या छावणीतून शेंद्र्याजवळच्या गावात आले, तेव्हा गायीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ती दूध देते आणि रस्त्याच्या मधोमध बसते. म्हणून त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई जेव्हा म्हणाल्या, की नवी गाय बसतच नाही, तेव्हा मला त्यात काळजीचं काय आहे तेच कळेना.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. घरची गुरं त्याच बघतात. मी जवळच्याच कारखान्यात तपासणी विभागात काम करते, सकाळची पाळी असते, दुपारी घरी येते. त्या उन्हाळ्यापर्यंत गोठ्यात माझं काम नव्हतं. घरची एक तांबडी गावरान गाय होती आणि ही काळी-पांढरी संकरित, हिवाळ्यात लासूर स्टेशनच्या बाजारातून आणलेली. आणली तेव्हा बादली भरून दूध द्यायची. एप्रिल लागला तसं दूध उतरलं. चारा निम्मा गव्हाणीतच राहायचा.

"पाय धरलेत का काय, कुणास ठाऊक," आत्या म्हणाल्या. "सकाळधरनं उभीच हाये. बसंना."

मी गोठ्यात गेले. गाय मान पुढे काढून उभी होती. तोंड उघडं, लाळेची तार जमिनीपर्यंत. पोट भात्यासारखं हलत होतं. शेजारीच तांबडी निवांत रवंथ करत बसली होती. एकाच पत्र्याखाली दोघी, ऊन सारखंच, आणि एक धापा टाकतेय तर दुसरीला पत्ताच नाही. मला ते भारीच नवल वाटलं.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खुर तपासले, ताप पाहिला. "पायाला काही नाही. उष्णतेचा त्रास आहे," म्हणाले. पाण्यातून द्यायची क्षारांची पुडी दिली. "हिला थंड ठेवा." थंड कसं ठेवायचं हे विचारेपर्यंत त्यांना दुसऱ्या गावाहून फोन आला आणि ते मोटरसायकलवर बसून गेले.

थंड करणं मला माहीत होतं. माहेरी खिडकीला वाळ्याचे पडदे असायचे, त्यांवर पाणी मारायचो. मी आत्यांना म्हटलं, "गोठ्याला चहूबाजूंनी ओली गोणपाटं लावू या." आत्यांनाही ते पटलं. दोघींनी मिळून गोणपाटं शिवली, बांधली, भिजवली. आत शिरलं की पहिल्यांदा बरं वाटायचं.

पण दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, तेव्हा पाहिलं तर तिसऱ्या प्रहरी गायीची धाप आणखी वाढली. मी हात पुसायचा पंचा सकाळी गोठ्यातल्या खुंटीवर अडकवला होता. तो दुपारीही ओलाच. बाहेर दोरीवर घातलेले कपडे पापडासारखे वाळले होते. पंचा हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले.

"आत्या, आत काहीच वाळत नाहीये."

"मंग?"

"माझं अंग बघा, घामानं चिकट झालंय. हवाच हलत नाही. घाम वाळला तर गार वाटणार ना? गायीचंही तसंच असेल."

आत्यांनी आत येऊन दोन मिनिटं उभं राहून पाहिलं. पदरानं मान पुसली. "व्हय गं. भाताच्या पातेल्यात बसल्यासारखं हुतंय." आणि त्यांनी स्वतःच वाऱ्याकडची दोन गोणपाटं ओढून काढली.

तरी गाय उभीच. मग आत्या म्हणाल्या, "सोडून बघू का? कुठं जाती ते तरी कळंल."

त्यांनी दावं सोडलं. मला वाटलं, ती सरळ लिंबाखाली जाईल. गेलीही. पण क्षणभर थांबून पुढे निघाली. उन्हातल्या पाण्याच्या हौदात तोंड घातलं आणि लगेच वर काढलं. मी पाण्यात हात बुडवला, तर अंघोळीला विसणावं लागेल असं कढत! दिवसभर आम्ही तिला तेच पाजत होतो. गाय तिथून वळली आणि घराला वळसा घालून न्हाणीमागच्या बोळात शिरली. आम्ही दोघी चपला न घालताच मागे. तिथं भिंतीची सावली होती, सांडपाण्यानं भुई ओली होती आणि बोळातून वारा सरळ येत होता. गायीनं भुई हुंगली, पुढचे गुडघे टेकले आणि बसली.

आत्यांनी तोंडावर हात ठेवला. "लई शहाणी हाय गं ही!" मग हसू आवरून म्हणाल्या, "पण इथं नाय चालायचं. चिखलानं कास सुजंल तिची."

मग आम्ही बोळातच उभं राहून बोलत राहिलो, की इथं असं काय आहे जे गोठ्यात नाही. सावली गोठ्यातही आहे. ओल आहे. वारा तेवढा नाही. संध्याकाळी माझे यजमान आले. त्यांना आम्ही गोठ्याची पश्चिमेची बाजू सोडून बाकी सगळी उघडी करायला लावली. जुना उभा पंखा दुरुस्त करून आणला. पत्रा तापू नये म्हणून त्यावर तुरीच्या वाळक्या तुराट्या टाकल्या. पाण्याचा हौद उन्हातच राहिला, पण लिंबाखाली मोठा टब ठेवून त्यात ताजं पाणी भरायला लागलो. गायीच्या पाठीवर पाणी मारायचं आणि लगेच पंखा लावायचा, नुसतं भिजवून सोडायचं नाही, हे आत्यांनी चार दिवस करून बघून ठरवलं. चारा पहाटे आणि दिवस कलल्यावर.

दूध लगेच वाढलं नाही. आधी गव्हाण रिकामी व्हायला लागली. मग एका दुपारी मी घरी आले, तर ती पंख्यासमोर बसून रवंथ करत होती. दूध हळूहळू चढलं, हिवाळ्याइतकं मात्र नाही. "पाऊस पडल्यावर बघू," आत्या म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी नव्हती.

तांबडीला ऊन का लागत नाही, हे मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. पातळ कातडं, आखूड केस, इथल्याच हवेत वाढलेली जात, असं त्यांनी सांगितलं. माझं पुरतं समाधान झालं नाही. आता सुट्टीच्या दिवशी मी दुपारी गोठ्याजवळ खुर्ची टाकून दोघींकडे बघत बसते. आत्या चहा घेऊन येतात आणि त्याही बसतात. परवा तांबडी चक्क उन्हात जाऊन उभी राहिली, सावली सोडून.

"हिला काय झालं आता?" मी विचारलं.

आत्यांनी बशीत चहा ओतला. "बघू की," म्हणाल्या, "कुठं जाती ते."