दुसरा हात

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. आणि हे वाचून कुणी मला शांती-बिंती सुचवू नका... डोकं फिरतं माझं!

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. यांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कलकत्त्यात, बागबाजारला भाड्याने राहत होतो. रविवारची दुपार, लाइट गेलेले. जेवून उठताना हे एकदम किंचाळले — "पाठीत काहीतरी फाटलं गं!" शर्ट घामाने चिंब.

आदल्या वर्षी वन्सं — यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायच्या — अगदी हेच ओरडल्या होत्या, आणि संध्याकाळच्या आत गेल्या. तेव्हा गल्लीतले डॉक्टर आले होते. पुरुषाची नाडी उजव्या हाताला बघायची, बाईची डाव्या, ही त्यांची वैद्यांसारखी जुनी रीत. वन्सं आपला थंडगार पडलेला उजवा हात पुढे करत राहिल्या, आणि हा बाबा तो बाजूला सारत राहिला! "अंबल, बौदी, अंबल!" म्हणजे आम्लपित्त, वहिनी. सोडा दिला आणि निघाले.

रविवारी दुसरं कुणी मिळेना, म्हणून पुन्हा तेच आले. यांची उजवी नाडी धरली. म्हणाले, "अंबल..."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला — "अहो डॉक्टर, दुसरा हात बघा!"

"बघतायत ना वन्सं, थांबा जरा!" मी सवयीने खेकसले... आणि जागीच थिजले. घरात आम्ही तिघंच होतो.

डॉक्टरांनी मात्र यांचा डावा हात उचलला. नाडी लागेना. दोन्ही हातांचं बीपी घेतलं, तर जमीन-अस्मानाचा फरक. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. टॅक्सी, हॉस्पिटल, नुसती धावाधाव... तिथे कळलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून चिरत चालली होती. औषधांनी बीपी खाली आणलं, तेव्हा ते चिरणं थांबलं. हे वाचले.

बाहेर बाकावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, "बौदी, रसोईघर से वो कौन बोली थीं?"

"आपकी पेशंट," मी म्हणाले. "पिछले साल सोडा दिया था न, वही."

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण संताप होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वन्सं जिवंतपणी, समोर बसून, तोच हात दाखवत होत्या... तेव्हा नाही हो ऐकू आलं या माणसाला!