बोटीच्या यादीतली दोन नावं

चूक माझी होती, आणि ती नजरचुकीने झालेली नव्हती. गोव्याच्या बोटीसाठी केलेल्या यादीतून मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचं नाव काढलं आणि बाकीच्यांना सांगितलं, तोच नाही म्हणतोय. त्याला मी विचारलंच नव्हतं.

वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतली आम्ही चार जोडपी. आम्ही चौघे पुरुष एकाच बसने ड्युटीवर जाणारे. बेत बसमध्येच ठरला. दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडून वर अंगण टाकावं, तशी ती शिडाची बोट, कॅटमरान. तीन दिवस अख्खी आपलीच, झोपायला चार खोल्या, चालवायला बोटवाल्यांचाच तांडेल. पुढच्या बाजूला पाण्यावर ताणलेली जाळी असते, हे कळल्यावर त्याच मित्राच्या बायकोने जाहीर करून टाकलं, "मी तं तिथीच बसून राहीन, मले जेवायलेही उठवू नका."

तारखा ठरल्या, बोटवाल्यांना यादी पाठवली. मग पंधरा दिवसांच्या आजारात मित्राची बायको वारली.

नावं पक्की करायची वेळ आली तेव्हा मी विचार केला, तीन जोडपी आणि हा एकटा, कसं दिसेल? बसच्या थांब्यावर उभ्या-उभ्या मी मोबाइलवरून दोन नावं बदलली. वडसा गावचा माझा साळा आणि त्याची बायको यादीत आली. "त्याच्यासमोर विषय काढू नका, त्याला त्रास होतो," असंही मी सगळ्यांना बजावलं. सगळ्यांना ते पटलं. मी समजूतदार ठरलो.

गोव्याच्या धक्क्यावर तांडेल जॅकेटं वाटत होता. त्याच्या हातात जुनीच यादी होती. ज्याचं नाव घेई, तो माणूस पुढे होई. सातवं नाव मित्राचं. आठवं तिचं. कोणीच हललं नाही. त्याने दोन्ही नावं पुन्हा मोठ्याने घेतली.

"ते येत नाहीत," मी म्हणालो.

"दोघंही?"

"दोघंही."

तिन्ही दिवस मला एका जागी बसवेना. शीड फुगलं की सगळे ओरडत, मी मागच्या पायऱ्यांवरून पुढे, पुढून मागे. "अबे, प्लांटची फेरी मारून राह्यला का? बस ना!" बसमधला एक जण म्हणाला आणि सगळे हसले. दुसऱ्या दुपारी बायको जवळ आली. "त्यायनं सोताच नाई म्हटलं ना?" मी हो म्हणालो. ती तिन्ही दिवसांत जाळीवर एकदाही बसली नाही.

परतल्यावर मित्राच्या क्वार्टरसमोरून दोनदा बाइक पुढे नेली, तिसऱ्यांदा थांबवली. दार त्यानेच उघडलं.

"काय बे, केला समुद्र?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी उंबऱ्यातच म्हणालो, "तुह्यं नाव मीच काढलं. तू नाई म्हटलं, असं सगळ्यायले सांगितलं."

तो दाराची कडी खालीवर करू लागला. "मी रजा टाकली होती," तो म्हणाला. "वाटलं, तू विचारशील. तीन दिवस घरीच होतो."

"तुले त्रास होईल म्हणून..."

"खोटं नको बोलू. आलो नसतोच कदाचित. पण नाई म्हणाचं काम माह्यं होतं, तुह्यं नाई."



"माफ कर," मी म्हणालो. "तू तिथी रडशील अन् माही सुट्टी खराब होईल, याची मले भीती होती. म्हणून विचारलं नाई. उद्या बसमधी सगळ्यायसमोर हेच सांगतो. चुकलो मी. माफ कर मले."