पांढऱ्या कावळ्याचे काळे पंख

रफूवाल्या मावशीचा तोरा काही औरच. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की गिऱ्हाईक ते शोधत बसायचं आणि ही गालातल्या गालात हसायची. आराम कर म्हणून मुलीनं दुकान बंद करायला लावलं, तर ही गप्प बसते थोडीच? पक्ष्यांच्या दवाखान्यात जाऊन तुटक्या पिसांना पिसं जोडायला शिकली. मेलेल्या पक्ष्याचं धड पीस घ्यायचं, त्याच्या आणि तुटक्या पिसाच्या पोकळ दांड्यांत बांबूची बारीक काडी बसवायची, थेंबभर गोंद लावायचा, की झालं.

एकदा तिच्या हाती पांढरा कावळा आला. जन्मापासूनच पांढरा, आणि पंखांच्या टोकांचा झिजून पार कुंचा झालेला. उडता येईना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, उडाला तर सोडू, नाहीतर जन्मभर पिंजरा.

जोडायला दुसऱ्या कावळ्याची पिसं होती, पण ती काळी. पांढऱ्यात काळं? मावशीच्या हाताला ते पटेना. तिनं केस उजळायच्या औषधात भिजवून पिसं पांढरी केली आणि अशी जोडली की सांधा दिसेना. कावळा खोलीभर उडाला, मावशी दवाखानाभर मिरवली. महिना सरायच्या आत ती टोकं जुन्यांपेक्षाही वाईट फाटली आणि कावळा पुन्हा जमिनीवर.

काय वापरलं ते मावशीनं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"मावशी, पिवळा-लाल रंग पक्ष्यांना बहुतेक खाण्यातून मिळतो. काळं रंगद्रव्य मात्र त्यांचं शरीरच बनवतं, आणि ते नुसतं शोभेला नसतं. त्याचे बारीक कण पिसाला घट्ट करतात. समुद्रावरच्या पांढऱ्या पक्ष्यांमध्ये कितीतरी जणांच्या पंखांची टोकं काळी असतात, कारण झीज तिथंच जास्त. या कावळ्याच्या पिसांत ते मुळातच नाही. तुम्ही जोडलेल्या पिसांत होतं, ते औषधानं गेलं आणि ताकदही गेली."

"म्हणजे मीच पाडलं की त्याला." मावशीचं तोंड एवढंएवढंसं झालं.

"मग आता तुम्हीच उडवा."

मावशीनं फाटलेली काढून दुसरी काळी पिसं जशीच्या तशी जोडली. पांढऱ्या पंखांवर ती इतकी उठून दिसत होती की तिला बघवेना, पण हात थांबला नाही. महिना गेला, मग आणखी एक. टोकं शाबूत राहिली.

गच्चीवर पेटी उघडली. कावळा आधी खाली झेपावला, मावशी कठड्याशी धावली, आणि मग तो सरळ वर चढत पाण्याच्या टाकीपलीकडे गेला. मावशीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती पुसलीही नाही.

"पिसं झडली की नवी पांढरीच येतील हं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "तीही झिजतील."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "तोवर पोटभर उडून घेऊ दे त्याला."